शिक्षा भोगून आलेल्या माणसाचे मत

वाचकाचे पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

शेताच्या बांधावरून झालेल्या भांडणात माझ्या हातून एक माणूस गंभीर जखमी झाला. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा सिद्ध होऊन मला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. शिक्षा पूर्ण करून घरी आलो, त्याला आता दोन वर्षे होत आली. सुटल्यानंतरच्या पहिल्याच निवडणुकीला पत्नीबरोबर मतदान केंद्रावर गेलो, तर यादीत तिचे नाव होते, माझे नव्हते. बाहेर बसलेल्या एकाने चारचौघांसमोर सांगितले, “शिक्षा झालेल्याला मत नसते, एवढेही माहीत नाही का?” मी काही न बोलता परत आलो. आता मुलीला अठरा वर्षे पूर्ण झाली आहेत आणि ती नाव नोंदवण्याचा अर्ज भरत आहे. तिने माझ्या मतदार ओळखपत्राचा क्रमांक विचारला. तो माणूस म्हणाला ते मी तिला कसे सांगू? तिने मोबाईलवर वाचले की अमेरिकेत गुन्हेगाराचा मताधिकार कायमचा जातो. आपल्याकडेही तसेच आहे का? अर्ज केला तर जुने प्रकरण पुन्हा उकरले जाईल का? आणि खरे सांगायचे तर, माझ्यासारख्याने मत मागावे का, हेही मला कळत नाही.

उत्तर

नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण दोन वर्षे तुम्ही त्याच्याविना काढली आहेत. तुम्हाला मताधिकार आहे. तुरुंगाच्या दारातून बाहेर पडलात त्या दिवसापासून तो आहे आणि तो परत मिळवण्यासाठी कोणत्याही न्यायालयाची, पोलीस ठाण्याची किंवा अधिकाऱ्याची परवानगी लागत नाही. यादीत नाव नसणे ही वेगळी अडचण आहे आणि ती एका अर्जाने दूर होऊ शकते. त्या दिवशी मतदान केंद्राबाहेर तुम्हाला जे सांगितले गेले, ते चूक होते.

हे एवढ्या ठामपणे का सांगते आहे, ते कायद्याच्या आधाराने पाहू, म्हणजे पुन्हा कोणी तसे बोलले तर तुमच्याजवळ उत्तर असेल. राज्यघटनेच्या ३२६व्या अनुच्छेदाने प्रौढ मताधिकार दिला आहे. त्याच अनुच्छेदात असेही म्हटले आहे की रहिवास नसणे, मनोविकलता, गुन्हा आणि निवडणुकीतील भ्रष्ट किंवा बेकायदा वर्तन या कारणांवरून कायदा करून एखाद्याला अपात्र ठरवता येईल. म्हणजे ‘गुन्हा’ हा शब्द घटनेत आहे, आणि संसदेने मनात आणले असते तर शिक्षा झालेल्या प्रत्येकाला आयुष्यभर यादीबाहेर ठेवणारा कायदा करण्याचा प्रयत्न तिला करता आला असता. तिने तसे केले नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम १६ मध्ये मतदार म्हणून नोंदणीला अपात्र ठरवणारी कारणे तीनच दिली आहेत: माणूस भारताचा नागरिक नसणे, सक्षम न्यायालयाने त्याला मनोविकल ठरवलेले असणे, आणि निवडणुकीशी संबंधित गैरप्रकार व अपराधांबाबतच्या कायद्याने तो मतदानास अपात्र असणे. या तिन्हींत खून, मारामारी, चोरी, फसवणूक यांपैकी काहीही येत नाही.

तिसऱ्या कारणाकडे मात्र नीट पाहायला हवे, कारण शिक्षेमुळे मत जाणे हा प्रकार आपल्याकडे जेवढा आहे, तेवढा तिथेच आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ११-अ नुसार निवडणुकीत लाच देणे-घेणे, मतदारावर गैरवाजवी दबाव आणणे, दुसऱ्याच्या नावाने मत देण्याची तोतयेगिरी करणे, निवडणुकीच्या निमित्ताने समाजांत वैर पसरवणे, केंद्रातून मतपत्रिका पळवणे अशा ठरावीक अपराधांत दोषी ठरलेल्या माणसाला दोषसिद्धीपासून सहा वर्षे मतदान करता येत नाही, आणि ती अपात्रता सकारण आदेशाने दूर करण्याचा अधिकार कलम ११-ब ने निवडणूक आयोगाला दिला आहे. मतासाठी पैसे वाटल्याबद्दल दोषी ठरलेला माणूस केवळ दंड भरून घरी गेला, तुरुंगात एक दिवसही राहिला नाही, तरी सहा वर्षे त्याला मत नाही. आणि तुम्ही सात वर्षे तुरुंगात काढूनही सुटकेच्या दिवशी मतदानाला पात्र होता. कायद्याची मांडणी अशी आहे आणि मला ती समजण्यासारखी वाटते. ज्याने मतदानाचीच प्रक्रिया नासवली, त्याला त्या प्रक्रियेपासून काही काळ दूर ठेवायचे. इतर गुन्ह्यांची शिक्षा न्यायालयाने दिलेली असते आणि ती तेवढीच असते.

मग ‘शिक्षा झालेल्याला मत नसते’ हा समज आला कुठून? माझ्या मते दोन वेगळ्या नियमांची त्यात सरमिसळ झाली आहे. पहिला नियम उमेदवारीचा. १९५१ च्या अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे दोन वर्षे किंवा त्याहून अधिक कारावासाची शिक्षा झालेल्या व्यक्तीला दोषसिद्धीपासून आणि सुटकेनंतर आणखी सहा वर्षे संसदेची किंवा विधिमंडळाची निवडणूक लढवता येत नाही. वर्तमानपत्रांत एखाद्या नेत्याची आमदारकी शिक्षेमुळे गेल्याची बातमी येते ती याच कलमामुळे, आणि लोक ‘निवडणुकीतून बाद’ एवढेच लक्षात ठेवतात. तुम्ही आज विधानसभेला उभे राहू शकणार नाही, हे खरे आहे. मत देऊ शकणार नाही, हे खरे नाही.

दुसरा नियम तुरुंगात असण्याचा. त्याच अधिनियमाच्या कलम ६२ च्या पोटकलम (५) प्रमाणे जी व्यक्ती मतदानाच्या वेळी तुरुंगात बंद आहे, मग ती शिक्षा भोगत असो वा अन्य कारणाने, किंवा पोलिसांच्या कायदेशीर कोठडीत आहे, तिला मत देता येत नाही. प्रतिबंधात्मक कायद्याखाली स्थानबद्ध असलेली व्यक्ती याला अपवाद आहे आणि ती टपाली मतपत्रिकेने मतदान करू शकते. या कलमात गुन्हा कोणता, शिक्षा किती, याचा विचारच नाही. माणूस त्या दिवशी भिंतीच्या आत आहे की बाहेर, एवढेच पाहिले जाते. तुम्ही आत होता तोवर हे कलम तुम्हाला लागू होते. बाहेर आल्यावर ते लागू होण्याचे कारण उरले नाही.

याच कलमाबद्दल मला थोडे अधिक सांगायचे आहे, कारण तुमचाही काही काळ निकालाची वाट पाहत आत गेला असणार. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार बंदी होते आणि त्यांतील सुमारे ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते. म्हणजे दर चार बंद्यांमागे तिघांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता, तरी त्यांना मत नव्हते. एकाच गुन्ह्यात पकडलेल्या दोघांपैकी ज्याला जामीनदार मिळाला तो मतदान करून येतो, आणि ज्याच्यासाठी जामीन राहायला कोणी पुढे आले नाही तो आत बसून राहतो. दोघेही कायद्याच्या नजरेत सारखेच निर्दोष असतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली अनुकूल चंद्र प्रधान यांच्या याचिकेवर निकाल देताना हे कलम वैध ठरवले. तुरुंगात मतदान घ्यायचे तर पोलीस बंदोबस्त आणि साधनसामग्री किती लागेल, आणि स्वतःच्या वर्तनामुळे तुरुंगात आलेला माणूस बाहेरच्या माणसाइतक्या स्वातंत्र्याचा दावा करू शकत नाही, अशी कारणे त्यात आहेत. निकाल मान्य करूनही मला कच्च्या कैद्यांच्या बाबतीत हे कारण पटत नाही, कारण त्यांचे ‘वर्तन’ काय होते हे अजून कोणी ठरवलेलेच नसते. शिवाय तुरुंगातून निवडणूक लढवण्याला मात्र आपल्याकडे मोकळीक राहिली आहे: १९७७ साली जॉर्ज फर्नांडिस तुरुंगात असतानाच मुजफ्फरपूरमधून प्रचंड मताधिक्याने निवडून आले. मी हे त्यांना दोष द्यायला सांगत नाही. आतून उमेदवार होता येते आणि आतून मतदार मात्र होता येत नाही, ही विसंगती संसदेने कधीतरी दूर करावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तुमच्या दृष्टीने २०१३ साल महत्त्वाचे आहे. त्या वर्षीच्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की ज्याला मतदान करता येत नाही तो ‘मतदार’ ठरत नाही, म्हणून तुरुंगातून निवडणूकही लढवता येणार नाही. त्यावर संसदेने लगेच कलम ६२(५) मध्ये एक परंतुक जोडले: मतदानास मनाई असली, तरी ज्याचे नाव यादीत आहे ती व्यक्ती मतदार असण्याचे थांबत नाही. ही दुरुस्ती उमेदवारांच्या सोयीसाठी झाली असली, तरी तिचा लाभ तुमच्यासारख्या सामान्य माणसालाही आहे. तुरुंगात असल्यामुळे मत देता येत नव्हते, पण केवळ त्या कारणाने तुमचे नाव यादीतून काढणे योग्य नव्हते. १९५० च्या अधिनियमाचे कलम २० हेच वेगळ्या बाजूने सांगते: तुरुंगात ठेवलेला माणूस केवळ त्यामुळे त्या ठिकाणचा रहिवासी ठरत नाही, आणि घरापासून तात्पुरता दूर राहिलेला माणूस केवळ त्यामुळे घरचा रहिवासी असण्याचे थांबत नाही.

मग नाव का गेले असेल? बहुधा घरोघरी पडताळणी होत असताना तुम्ही घरी आढळला नाहीत, आणि कोणीतरी ‘येथे राहत नाहीत’ असे सांगितले किंवा लिहिले. रहिवास संपल्याच्या कारणावरून नाव वगळण्यापूर्वी मतदाराला म्हणणे मांडण्याची संधी द्यायची असते. तशी नोटीस घरी आली असेल, तरी ज्याच्या नावे ती आली तो तुरुंगात होता. यासाठी आज कोणाशी भांडत बसू नका, असा माझा सल्ला आहे. जुनी वगळणी चूक होती की नाही हे ठरवून घेण्यापेक्षा नवीन नोंद करून घेणे कितीतरी सोपे आहे.

आधी यादी पाहा. निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा संकेतस्थळावर नाव, वडिलांचे नाव, वय आणि जिल्हा टाकून शोध घेता येतो. मुलीला सांगितलेत तर पाच मिनिटांत होईल. १९५० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही विचारता येते. जुने ओळखपत्र पेटीत कुठे सापडले तर त्यावरच्या क्रमांकाने शोध अधिक खात्रीचा होतो. नाव दुसऱ्या भागात किंवा जुन्या पत्त्यावर शिल्लक असल्याचे दिसले, तर नमुना ८ भरून ते आताच्या पत्त्यावर आणायचे. तसे असताना नवीन नोंदणीचा अर्ज करू नका, कारण एकाच माणसाची दोनदा नोंद कायद्याला मान्य नाही. नाव कुठेच नसेल तर नमुना ६ भरायचा. त्यासाठी छायाचित्र, वयाचा पुरावा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. तुरुंगातून आलेल्या माणसाचे कागद बहुतेक वेळा जुने किंवा हरवलेले असतात, हे मला माहीत आहे. आधार, बँकेचे किंवा टपाल खात्याचे पासबुक, पारपत्र, विजेचे किंवा पाण्याचे देयक यांपैकी जे असेल ते जोडा. पत्त्याचा पुरावा त्याच पत्त्यावर मतदार असलेल्या पत्नीच्या नावावर असला तरी चालतो, आणि काहीच नसेल तर बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, घरी येऊन खात्री करतात.

आता तुमची खरी भीती: जुने प्रकरण उकरले जाईल का. नमुना ६ पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून पाहा. नागरिकत्व, जन्मतारीख, पत्ता, त्या पत्त्यावर केव्हापासून राहता, आधीपासून दुसरीकडे नाव आहे का, एवढेच त्यात आहे. शिक्षा झाली होती का, हा रकानाच त्यात नाही. जे विचारलेले नाही ते सांगायचे नाही, आणि जे विचारले आहे त्यातले काही खोटे लिहायचे नाही, कारण खोट्या प्रतिज्ञापनाला कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कारावास किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पत्त्यावर राहू लागल्याची तारीख लिहिताना गोंधळू नका. घर तुमचेच होते आणि कायद्याने मधल्या काळातही तुरुंग हे तुमचे राहते ठिकाण नव्हते.

अर्ज आल्यावर तो सूचनाफलकावर लावून सात दिवस हरकतींसाठी ठेवला जातो. त्या दिवशी केंद्राबाहेर बोलणाऱ्यासारखा कोणी हरकत घेईल, अशी शंका तुम्हाला येईल. घेतली तर घेऊ द्या. मतदार नोंदणी अधिकारी तुम्हाला सुनावणीला बोलावतील. तिथे जा आणि शांतपणे सांगा की माझी शिक्षा पूर्ण झाली आहे, माझा गुन्हा निवडणुकीसंबंधीचा नव्हता, आणि कलम १६ मध्ये दिलेले अपात्रतेचे कोणतेही कारण मला लागू होत नाही. सुटकेचा दाखला जवळ असला तर बरोबर ठेवा. दाखवावा लागेलच असे नाही. तरीही अर्ज नाकारला, तर लेखी आदेश मागा. त्या आदेशावर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते आणि तिथेही निर्णय विरुद्ध गेला तर ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. निवडणूक जाहीर होण्याची वाट मात्र पाहू नका. उमेदवारी अर्जांची शेवटची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादीत नवी नावे घेता येत नाहीत.

शाळेत शिकवत असताना मी अनेक वर्षे निवडणुकीच्या कामावर जात असे, आणि पहिल्या मतदान अधिकाऱ्याच्या खुर्चीवर, मतदार यादीची चिन्हांकित प्रत समोर घेऊन बसले आहे. त्या प्रतीत प्रत्येक माणसाला एक छोटा चौकोन असतो: अनुक्रमांक, नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, घर क्रमांक, वय, लिंग, ओळखपत्राचा क्रमांक. गावातल्या सगळ्यांत श्रीमंत माणसाचा चौकोन आणि त्याच्या शेतात राबणाऱ्याचा चौकोन मोजून सारखाच असतो. मी नाव आणि अनुक्रमांक मोठ्याने वाचायचे, एजंट आपापल्या प्रतीत खूण करायचे, पुढच्या टेबलावर डाव्या तर्जनीला शाई लागायची आणि नोंदवहीत सही किंवा अंगठा व्हायचा. एजंटाला हरकत घ्यायचीच असेल तर केंद्राध्यक्षाकडे दोन रुपये जमा करून एकच हरकत घेता येते: हा माणूस तो नव्हे. तो माणूस पूर्वी काय करून बसला आहे, हे विचारण्याची सोय त्या खोलीत कुणालाही दिलेली नाही. म्हणून बाहेर कोण काय म्हणाले याचे दडपण घेऊन पुन्हा परत फिरू नका.

मुलीने वाचलेली गोष्ट निराधार नाही, पण ती दुसऱ्या देशाची आहे आणि तिथेही सगळीकडे सारखी नाही. अमेरिकेत हा नियम प्रत्येक राज्य स्वतः ठरवते. मेन आणि व्हरमाँट या राज्यांत तुरुंगातला कैदीही मत देतो. फ्लोरिडात शिक्षा भोगून आलेल्यांचा मताधिकारही गेलेलाच राहत असे, तो बहुतेकांना परत द्यावा असा कौल २०१८ साली तिथल्या मतदारांनी जवळपास ६५ टक्क्यांनी दिला, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या विधिमंडळाने आधी सगळे दंड आणि शुल्क चुकते करण्याची अट घातली. आपल्याकडे अशी अट नाही.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, आणि त्यावर मी सर्वाधिक विचार केला. माझ्यासारख्याने मत मागावे का, असे तुम्ही लिहिले आहे. ज्याला तुम्ही जखमी केले, त्याला काय भोगावे लागले हे तुम्ही विसरलेला नाहीत, म्हणूनच हा प्रश्न तुम्हाला पडला असावा, आणि त्या जाणिवेचा मी आदर करते. पण तुमच्या कृत्याची शिक्षा किती असावी हे ठरवण्याचे काम न्यायाधीशांचे होते आणि त्यांनी दोन्ही बाजू ऐकून ते केले. सात वर्षे, असे ते म्हणाले. ‘सात वर्षे आणि नंतर कायमचे गप्प राहणे’ असे म्हणाले नाहीत. त्या शिक्षेत भर घालण्याचा अधिकार केंद्राबाहेर बसलेल्या माणसाला नाही, आणि तुम्ही स्वतःही ती भर घालू नये, असे मला वाटते. दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयाने १९९९ साली तिथल्या कैद्यांच्या मताधिकाराचा निकाल दिला. तो लिहिणारे न्यायमूर्ती अल्बी सॅक्स स्वतः वर्णभेदी राजवटीत एकांत कोठडीत राहिलेले होते. प्रत्येक नागरिकाचे मत हे त्याच्या प्रतिष्ठेचे आणि माणूसपणाचे चिन्ह आहे, असे त्यांनी लिहिले. ते त्या वेळी आत असलेल्या कैद्यांबद्दल बोलत होते. तुम्ही तर बाहेर आहात, कष्ट करता, घर चालवता. रस्ता, पाणी, शाळा, दवाखाना यांचे निर्णय तुमच्या घरावरही तेवढेच परिणाम करतात.

मुलीला काय सांगायचे, हेही तुम्ही विचारले आहे. तुरुंगाची गोष्ट तिला बहुधा ठाऊकच असणार. सात वर्षे वडील घरी नसलेले मूल न सांगताही बरेच जाणते. तिला एवढेच सांगा की मधल्या काळात माझे नाव यादीतून गेले आहे आणि ते मला पुन्हा घालायचे आहे. नमुना ६ मध्ये त्याच पत्त्यावर राहणाऱ्या आणि यादीत असलेल्या कुटुंबीयाचे नाव व ओळखपत्र क्रमांक लिहायला एक जागा असते. तिच्या अर्जात तिथे तिच्या आईचा क्रमांक लिहा, आणि तुमच्या अर्जातही तोच. दोन्ही अर्ज एकाच दिवशी द्या, म्हणजे बीएलओंना घरी एकदाच यावे लागेल.